गिळताना छातीत दुखतं, ते पित्तच असेल असं नाही

साधं पाणी प्यायलं तरी छातीच्या मधल्या हाडामागे कापत गेल्यासारखं दुखतं. घास कुठवर उतरला ते बोट ठेवून सांगता येतं. जेवणाची भीती बसते, मग माणूस चहात बुडवलेल्या बिस्किटावर दिवस काढतो. घरात याला पित्त म्हणतात आणि पॅन्टोप्राझोल सुरू होतं. पण पित्ताची जळजळ बहुधा जेवणानंतर, वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढते. इथे दुखतं ते नेमकं गिळण्याच्या क्षणी. एचआयव्ही, केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपण, महिनोन्‌महिने स्टेरॉइड किंवा हाताबाहेर गेलेला मधुमेह यांपैकी काही असेल आणि असं दुखत असेल, तर अन्ननलिकेतल्या बुरशीचा विचार आधी करायला हवा.

ही बुरशी बहुतेक वेळा कॅन्डिडा अल्बिकन्स असते. ती कुणाच्या ताटातून येत नाही. कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात ती मुकाट्याने राहते. त्यामुळे रुग्णाची भांडी वेगळी काढायची काहीएक गरज नाही, आणि हे घरच्यांना स्पष्ट सांगायला हवं. तोंड आणि अन्ननलिकेच्या अस्तरावर तिला आवरून धरतात त्या मुख्यतः टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. एचआयव्हीत सीडी४, म्हणजे यातल्या एका गटाच्या पेशींचा रक्तातला आकडा, २००च्या खाली गेला की हा पहारा ढिला पडतो, १००च्या खाली धोका आणखी वाढतो. रक्तात मात्र तिला अडवतात न्यूट्रोफिल, त्याही पांढऱ्या पेशीच, पण वेगळ्या. म्हणून एचआयव्हीत ती सहसा अस्तरापुरती राहते, पण केमोनंतर न्यूट्रोफिल घटलेले असताना ती रक्तात शिरू शकते. अशा रुग्णाला गिळताना दुखतंय आणि तापही आहे, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो औषधात. जिभेवर, गालाच्या आत दह्यासारखा पांढरा थर दिसला की क्लोट्रिमॅझोलचा माउथ पेंट आणला जातो. तोंडापुरत्या बुरशीला तो ठीक आहे, पण अन्ननलिकेत तो टिकतच नाही, लाळेबरोबर पोटात जातो. दुसरी चूक म्हणजे मेडिकलमधून फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाची १५० मिलिग्रॅमची एकच गोळी घेणं. तो डोस योनीमार्गाच्या साध्या बुरशीसाठीचा. अन्ननलिकेसाठी प्रौढांना रोज २०० ते ४०० मिलिग्रॅम, तेही १४ ते २१ दिवस लागतं. बहुतेकदा पहिल्या दिवशी ४०० आणि पुढे रोज २०० देतात. किडनी कमकुवत असेल तर डोस निम्म्यावर येतो, म्हणून क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी आधी बघायची. ही गोळी जेवणाआधी घ्या की नंतर, फरक पडत नाही. इट्राकोनॅझोल या दुसऱ्या बुरशीविरोधी औषधाच्या कॅप्सूलचं तसं नाही. तिला पोटातलं आम्ल लागतं, त्यामुळे पित्ताच्या गोळीबरोबर ती वाया जाते.

गुण लवकर येतो, तीन-चार दिवसांत घास उतरू लागतो, आणि नेमकं तिथेच औषध सुटतं. दुखणं थांबलं म्हणजे अस्तरातले बुरशीचे तंतू संपले, असं नसतं. किमान १४ दिवस पुरे करायचेच. काहीच गिळता येत नसेल तर शिरेतून फ्लुकोनॅझोल किंवा मायकाफंजिनसारखं औषध देतात आणि गिळता आलं की गोळीवर आणतात.

एचआयव्ही असलेल्या रुग्णात, विशेषतः तोंडातही बुरशी दिसत असेल तर, एंडोस्कोपी (दुर्बिणीची तपासणी) न करता थेट औषध सुरू करणं मान्य आहे. तोंड स्वच्छ दिसलं म्हणून अन्ननलिकाही स्वच्छ, असं मात्र धरू नये. आठवडाभरात फरक पडला नाही तर दुर्बीण घालायलाच हवी. दुर्बिणीतून दिसतात ते पिवळट-पांढरे, चिकटून बसलेले चट्टे. पाण्याची धार मारली तरी ते वाहून जात नाहीत, आणि ओरबाडून काढले तर खालचं अस्तर लालभडक, रक्ताळलेलं दिसतं. अस्तराचा काढलेला तुकडा तपासताना त्यात घुसलेले बुरशीचे तंतू दिसायला हवेत. नुसत्या कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत नमुना वाढवून पाहताना) कॅन्डिडा उगवली याला फारसा अर्थ नाही, ती तोंडातूनही आलेली असते. चट्ट्यांऐवजी खोल व्रण दिसले तर सीएमव्ही किंवा हर्पिस या विषाणूंचा संसर्ग शोधावा लागतो, आणि दोन आजार एकत्रही असू शकतात. रक्ताची उलटी, काळी शौच, किंवा घास अडकणं दिवसेंदिवस वाढत जाणं असेल तर आठवडाही थांबू नये.

फ्लुकोनॅझोल सुरू करताना चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांसमोर ठेवा. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडबरोबर साखर अचानक उतरू शकते, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनबरोबर रक्त जास्त पातळ होतं, प्रत्यारोपणानंतर देतात त्या टॅक्रोलिमसची पातळी चढते. क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन उलट फ्लुकोनॅझोलचीच पातळी खाली ओढतं. एचआयव्ही आणि क्षय एकत्र असतात तिथे हे विसरून चालत नाही. गरोदरपण असेल किंवा शक्यता असेल तर ते आधीच सांगायचं.

खाण्यात तांदळाची पेज, गुरगुट्या भात, मुगाचं पातळ वरण, नाचणीची खीर चालते, सगळं कोमट. कढत चहा, लिंबू, चिंच, तिखट आणि कडक भाकरीचे काठ काही दिवस बाजूला. हळद-मधाचं चाटण अन्ननलिकेतली बुरशी बरी करत नाही.

बुरशी उठली कशामुळे, हे शोधल्याशिवाय उपचार अर्धाच राहतो. उघड कारण दिसत नसेल तर एचआयव्हीची तपासणी संकोच न करता करावी. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात ती मोफत होते, १०९७ या हेल्पलाइनवर माहिती मिळते. एचआयव्ही निघाला तर एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची नियमित औषधं, हाच परत न होण्याचा खरा उपाय. तरीही वारंवार त्रास होत असेल तर आठवड्यातून तीनदा १०० ते २०० मिलिग्रॅम फ्लुकोनॅझोल देतात आणि सीडी४ २००च्या वर टिकला की बंद करतात. दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्यांनी तो स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून घ्यावा, नंतर खळखळून गुळणी करावी आणि ते पाणी गिळू नये, थुंकावं. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी. तिच्या टाळूकडच्या बाजूला बुरशी घर करते, आणि गोळ्यांचा पूर्ण कोर्स झाला तरी तिथून ती पुन्हा तोंडात येते.