पाणी दिसत नाही, मग बघता काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पाणी पारदर्शक, मग स्टार्चमधला ओलावा साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतो कसा?

ओलावा दिसत नाहीच. त्याने कणाच्या आत काय उलथापालथ केली ते दिसतं. बटाट्याच्या स्टार्चचा कण मोठा, शंभरेक मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाणारा, म्हणून मी तोच वापरते. (तांदळाचा जेमतेम ३ ते ८, डोळे फुटतात.) दोन पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या चकत्या) नमुन्याच्या खाली-वर एकमेकांना काटकोनात लावले की सगळं काळं होतं आणि त्या अंधारात कण उजळतात, प्रत्येकावर एक काळी फुली घेऊन. आतले रेणू मध्यबिंदूपासून बाहेर शिस्तीत रचलेले असतात, त्याची ही खूण. फुली आहे तोवर घडी मोडलेली नाही.

सुरुवातीला मी मोठी फजिती करून घेतली. संपृक्त क्षारद्रावणांवर (प्रत्येक क्षार डब्यातल्या हवेचा दमटपणा ठरावीक ठेवतो) बंद डब्यांत ठेवून तीन वेगवेगळ्या ओलाव्यांचे नमुने तयार केले, आठवडे घालवून. मग काचपट्टीवर सवयीने पाण्याचा थेंब टाकला. तिन्ही अगदी सारखे! दोन दिवस डोकं खाजवल्यावर उमगलं: वाळलेले कण थेंबात पडताच पाणी पिऊन फुगले होते. जे मोजायचं तेच मी वरून ओतत होते. ग्लिसरीनही नको, ते स्वतःच पाणी ओढतं. आता खनिज तेल वापरते. त्यात फरक स्पष्ट दिसतो. फार वाळलेल्या कणांच्या मध्याशी तर चांदणीसारख्या भेगाही सापडतात.

थंड पाण्यातलं फुगणं उलटवता येतं, वाळवलं की कण पुन्हा आकसतो. खरी मजा तापवताना. भरपूर पाण्यात साधारण ६० अंशांच्या आसपास फुली मध्यापासून विरायला लागते, मोठे कण बहुधा आधी. सगळ्यांची एकदम जात नाही; म्हणून पहिली कधी गेली, निम्म्या कधी गेल्या, शेवटची कधी, अशी तीन तापमानं मी टिपते. पाणी कमी असेल तर हेच व्हायला जास्त उष्णता लागते, आणि काही कण फुली सोडतच नाहीत. कोरड्या स्टार्चला पाण्याशिवाय त्याच तापमानाला ठेवा, काहीच होत नाही.

कणातले थर जेमतेम ९ नॅनोमीटरचे; ते या भिंगांच्या आवाक्याबाहेर, त्याला क्ष-किरणच हवेत. पण नमुना बिघडलाय का, हे फुली दोन मिनिटांत सांगते. म्हणून कुणी स्टार्चचे फोटो दाखवायला आणले, की मी आधी विचारते, "कशात बुडवलं होतंस?"