तुम्ही विचारलंत म्हणून: विकतची लीड कितीला घ्यावी?

"विकत घेतलेल्या लीड्स चांगल्या आहेत हे कसं ओळखायचं, आणि एका लीडला किती द्यायचे?" फोनवरून विक्री करणारं कुणीही भेटलं की हा प्रश्न येतोच. लीड म्हणजे जो ग्राहक होऊ शकेल अशा माणसाचं नाव आणि नंबर. विचारणाऱ्याच्या हातात बहुतेकदा दोन डेटावाल्यांचे, म्हणजे अशा याद्या विकणाऱ्यांचे, दर असतात आणि त्यातला स्वस्त दर त्याला खुणावत असतो. मी आधी फोन करणाऱ्यांच्या तासांचा हिशेब मागते, कारण खरा पैसा तिथे जातो.

समजण्यापुरते आकडे घेऊ. स्वस्त लीडचा दर 1 धरा, महागाचा 4, आणि कॉलरच्या एका तासाचा खर्च 10. स्वस्तातल्या 500 लीड्स संपवायला 50 तास लागले आणि 2 विक्री झाल्या. म्हणजे लीड्सचे 500, तासांचे 500, एकूण 1000. एका विक्रीमागे 500. महागातल्या 100 लीड्सना 20 तास लागले आणि विक्री तितक्याच, 2. लीड्सचे 400, तासांचे 200, एकूण 600. एका विक्रीमागे 300. चौपट दराची लीड इथे स्वस्त पडली. दराची वरची मर्यादाही यातूनच निघते. एका विक्रीत तुमच्याकडे 600 उरत असतील तर या 100 लीड्समधून 1200 येतील, तासांचे 200 वजा जाता 1000 राहतील, म्हणजे लीडमागे 10 दिलेत तर हातात शून्य. तुम्हाला जेवढा नफा हवा तेवढं त्या 10 च्या खाली राहायचं. मात्र नंतर रद्द झालेल्या ऑर्डर विक्रीत मोजू नका, नाहीतर सगळं गणित खोटं ठरतं.

आता दर्जा. माझा एकच प्रश्न असतो: या माणसाने आपला नंबर कुठे आणि कशासाठी दिला? कोटेशन मागायला फॉर्म भरलेला माणूस आणि बक्षिसाच्या आशेने प्रश्नमंजुषा खेळलेला माणूस, दोघांनाही यादीत "लीड"च म्हणतात. म्हणून तो फॉर्म स्वतः उघडून बघा. त्यावर तुमच्या कामाचा उल्लेख आहे का, कोण फोन करणार हे लिहिलंय का, संमतीचा रकाना आधीच टिक केलेला आहे का? डेटावाला फॉर्म दाखवायला टाळाटाळ करत असेल तर मी पुढे बोलतच नाही. हा कायद्याचाही प्रश्न आहे. युरोपीय संघात 2018 पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे, संमतीच्या आधारावर माहिती वापरणाऱ्याला ती संमती दाखवता आली पाहिजे. अमेरिकेत फोन नको असलेल्यांची राष्ट्रीय नोंदणी 2003 पासून आहे. "डेटावाल्याने सांगितलं होतं" एवढ्यावर सुटका होईल असं धरून चालू नका. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याने काही मागितलंच नाही त्याला दिवसभर फोन करत राहणं मला पटत नाही.

दुसरी गोष्ट, तीच लीड आणखी किती जणांना विकली आहे आणि ती किती जुनी आहे. 2011 साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त आलेल्या एका अभ्यासात, ऑनलाइन चौकशीला तासाभरात फोन करणाऱ्या कंपन्यांना कामाचं बोलणं होण्याची शक्यता त्यानंतर एका तासाने करणाऱ्यांपेक्षा जवळपास सातपट दिसली होती. तुमच्याकडे कॉलरच कमी असतील तर ताज्या लीडचे जास्त पैसे देऊन ती दोन दिवस पडून ठेवण्यात अर्थ नाही. मग जुनी, स्वस्त यादी घेतलेली बरी.

घेण्याआधी चाचणी कराच. पण नमुना डेटावाल्याने निवडलेला नको. पूर्ण यादीतून कुठल्याही ओळी तुम्ही उचला. त्या सगळ्या कॉलरमध्ये सारख्या वाटा, तुमच्या जुन्या चौकश्यांमध्ये मिसळून, आणि कुठली लीड कुठून आली हे कॉलरला कळू देऊ नका. विकतची यादी म्हटली की आवाजातला उत्साह आपोआप उतरतो, हे मी पाहिलंय. प्रत्येक फोनचा निकाल लिहायला लावा: नंबर बंद, राँग नंबर, उचलला नाही, बोलणं झालं. यात दोन रकाने मला सगळ्यात मोलाचे वाटतात, "मी चौकशी केलीच नव्हती" आणि "याच कामासाठी मला आज आधीही फोन आला". पहिला वाढला तर यादीचा उगम संशयास्पद आहे. दुसरा वाढला तर ती अनेकांना विकली गेली आहे, तोंडाने काहीही सांगितलेलं असो.

नमुना मात्र पुरेसा मोठा हवा. 100 लीड्समध्ये एकही विक्री झाली नाही म्हणून यादी टाकाऊ ठरत नाही. संख्याशास्त्राच्या हिशेबाने खरं प्रमाण तेव्हाही सुमारे 3 टक्क्यांपर्यंत असू शकतं. राँग नंबरचं प्रमाण त्यापेक्षा खूप लवकर कळतं, म्हणून पहिला निवाडा त्यावर करा आणि विक्रीवरचा नंतर.

बंद आणि चुकीच्या नंबरांच्या बदल्यात नवी लीड किती दिवसांत मिळेल, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या. तुमच्याच ग्राहकांचे नंबर आणि एकाच माणसाच्या दुबार नोंदी बिलातून वगळायची अटही त्याच कागदावर हवी. पहिली ऑर्डर चाचणीपुरतीच ठेवा, मोठ्या ऑर्डरवर कितीही सूट दाखवली तरी.