तिकीट नव्हतं, तरी आत गेले

लतादीदींच्या चाहत्यांचा मेळावा, आणि तोही त्यांच्या जन्मगावी, आपल्या इंदूरला! तिकिटं केव्हाच संपली होती. तरी आज दारात जाऊन उभी राहिले. एखादं कुणी परत करेल या आशेवर. कोण करणार?

तेवढ्यात रिक्षातून एक काका 78 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डची खोकी घेऊन उतरले. एक मुलगा खोकं आडवं करायला लागला, तशी मी धावलेच. "काका, या उभ्याच ठेवायच्या ना?" लाखेच्या तबकड्या त्या, एकावर एक रचल्या तर दाबाने तडकतात. काका म्हणाले, "बेटा, तूच धर. आणि आज माझ्याच टेबलापाशी थांब." संयोजकांनी लगेच स्वयंसेवकाचा बिल्ला दिला.

मग काय, मऊ कापडाने खोबणीच्या दिशेने तबकड्या पुसत बसले. आणि 1949 च्या 'महल' सिनेमातल्या दीदींच्या गाण्याची रेकॉर्ड हातात आली! लेबलवर गायिकेचं नाव 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. पार्श्वगायकाचं नाव छापायची रीतच नव्हती तेव्हा. ऐकून माहीत होतं, पण ती अक्षरं डोळ्यांनी पाहिली आणि गळा दाटून आला. त्या आवाजाला नावसुद्धा नव्हतं!

एकच वाईट वाटलं. देवासहून आलेल्या एक आजी दारातूनच परत गेल्या. बाहेर एक स्पीकर तरी लावायला हवा होता.

इंदूरकरांनो, माळ्यावर जुन्या तबकड्या असतील तर भंगारात देऊ नका. मला कळवा, काका स्वतः येऊन बघतील.