सरांचे मोजे

स्मरणिकेसाठी लिही म्हणून ग्रुपवर मेसेज आला तेव्हा आधी नाहीच म्हणणार होतो, आपल्याला कुठे लिहिता येतं. पण कॉलेजला 50 वर्षं झाली आणि जिमखान्याच्या सरांवर एक पान नाही असं झालं असतं तर मलाच झोप लागली नसती. लायब्ररी, गॅदरिंग वगैरेवर बाकीचे लिहितीलच.

सर बास्केटबॉलचे कोच हे फक्त आपल्यासाठी हो. ऑफिसच्या लेखी ते फिजिकल डायरेक्टर, म्हणजे कबड्डी पण तेच, क्रॉस कंट्री पण तेच, परीक्षेला सुपरव्हिजन तेच आणि रेल्वेचे कन्सेशन फॉर्म, युनिव्हर्सिटीचे एलिजिबिलिटी फॉर्म भरणार पण तेच. बास्केटबॉल उरलेल्या वेळात, सकाळी सव्वासहा ते आठ. पतियाळाच्या एनआयएसला, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेत, कोचिंग शिकून आलेले सर दिवाळीच्या सुट्टीत स्वतः ब्रश घेऊन सिमेंटच्या कोर्टवर पट्टे मारायचे, हे मी बघितलंय.

पहिल्या दिवशी बॉल मिळेल म्हणून गेलो तर सर म्हणाले, बूट काढा. मग पायरीवर बसून मोजे कसे घालायचे ते शिकवलं! करंगळीजवळ चुणी राहू द्यायची नाही, टाचेवरून हात फिरवून बघायचा, मग लेस खालच्या भोकापासून ओढत वर यायची. आम्ही फिदीफिदी हसलो. मी तर सर्वात जास्त.

एसवायला झोनलच्या मॅचमध्ये सेकंड हाफला माझ्या करंगळीला फोड आला आणि फुटला. लंगडत बेंचवर आलो, आता शिव्या बसणार म्हणून मान खाली घातली. सर काही बोललेच नाहीत. खाली जमिनीवर बसले, माझा घाणेरडा मोजा स्वतः काढला, पट्टी लावली, त्यांच्या बॅगेतला धुतलेला जोड मला घातला, लेस बांधली आणि म्हणाले, "जा, चार मिनिटं आहेत अजून." समोरच्या टीमची पोरं बघत होती, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅच हरलो ते सोडा.

परतताना एसटीत त्यांनी जॉन वुडनचं सांगितलं. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए युनिव्हर्सिटीचे कोच. 1948 ला तिथे गेले आणि अमेरिकेतली कॉलेजची नॅशनल, एनसीएए, पहिल्यांदा जिंकली 1964 ला, म्हणजे सोळावा सीझन. ती धरून 1975 ला रिटायर होईपर्यंत 12 वर्षांत 10 वेळा जिंकले, मध्ये एकदा सलग 88 मॅचेस. करीम अब्दुल-जब्बार, बिल वॉल्टन हे मोठे खेळाडू त्यांच्याच हाताखालचे. आणि हा माणूस दर वर्षी पहिल्या प्रॅक्टिसला मोजे घालायला शिकवायचा. मी म्हटलं सर हे आधी सांगायचं ना, तर म्हणाले आधी सांगितलं असतं तर तू वुडनचं ऐकलं असतंस, माझं नाही.

आपण झोनच्या पुढे कधी गेलो नाही हे सगळ्यांना माहीत आहे. सर कॉलेजात असेपर्यंत नाही आणि नंतर तर टीमच नाही. त्याबद्दल सरांना कमी लेखणारे काही जण आहेत, त्यांनी पहाटे सव्वासहाला यायचं होतं एकदा.

मी सध्या बँकेत आहे, पण रविवारी जिल्ह्याच्या मॅचेसना टेबलवर स्कोअरशीट भरायला बसतो. 2000 नंतर दोन हाफचे चार क्वार्टर झाले, शॉट क्लॉक, म्हणजे बॉल हातात आल्यापासून रिंगकडे मारायची मुदत, 30 ची 24 सेकंद झाली. सरांना भेटायला गेलो की त्यांचं एकच, 24 सेकंदात पोरं विचार कधी करणार?

मागच्या महिन्यात कॉलेजला चक्कर मारली. कोर्टवर टू-व्हीलर पार्किंग. गाड्यांच्या मधून रिंगखालचे पट्टे दिसतात, अजून जुनेच, खाली पसरट होत जाणारे. तो भाग 2010 पासून सरळ आयताकृती झालाय, म्हणजे त्याआधीपासून तिथे कोणी ब्रश लावलेला नाही. रिंग मात्र शाबूत आहे. कमिटीला विनंती, महोत्सवाला सर येणार आहेत तर निदान त्या दिवशी गाड्या दुसरीकडे लावा आणि रिंगला नेट टाका. नेटचे पैसे मी देतो, अकाउंट नंबर ग्रुपवर पाठवा.