तुम्ही विचारलंत म्हणून: आराधनेला वेळ कुठून आणता?

मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर, आवारात, लग्नाच्या मांडवात, चर्चगेटहून सुटणाऱ्या विरार लोकलमध्ये, कुठेही हा प्रश्न मला गाठतो. "आंटी, नोकरी, घर, स्वयंपाक सांभाळून दर गुरुवारी तासभर आराधनेला वेळ कसा काढता?" आराधना म्हणजे मिस्सेत पवित्र केलेल्या भाकरीत येशू हजर आहे असं मानून तिच्यापुढे प्रार्थनेत बसणं. आजवर मी सोपं उत्तर देत आले. वसईला उतरले की घरी न जाता थेट चर्चमध्ये जाते, भाजी आदल्या रात्री चिरून ठेवते, मोबाइल बॅगेत बंद. मग समोरची म्हणते, "तुमची मुलं मोठी झालीत, तुम्हाला जमतं." मुलं लहान होती तेव्हाही मी जात होते. तेव्हा ऐकायला मिळायचं, "घरी सासूबाई आहेत ना." या बोलण्याला मी थकले आहे. पण परवा आमच्या वाडीतल्या एका तान्ह्या बाळाच्या आईने हेच विचारलं, आणि तिला मनापासून जाणून घ्यायचं होतं. म्हणून यावेळी भाजी चिरण्याबद्दल लिहीत नाही.

शिल्लक वेळ माझ्याकडे कधीच नव्हता. तो तास मी कोणाच्या ना कोणाच्या वाट्यातून घेतला आहे. मुलांच्या, नवऱ्याच्या, आणि एकदा आईच्या.

ती पवित्र गुरुवारची, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाची रात्र होती. प्रभुभोजनाची मिस्सा झाल्यावर साक्रामेंत, म्हणजे ती पवित्र भाकरी, बाजूच्या वेदीवरच्या पेटीत नेऊन ठेवतात आणि मध्यरात्रीपर्यंत एकेका वाडीने पाळीपाळीने आराधना करायची असते. आमच्या वाडीची पाळी 10 ते 11. आई अंथरुणाला खिळलेली होती, बोलणं थांबलं होतं, फादर येऊन तिला पवित्र तेल लावून गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता फक्त सोबत करा. मी निघाले तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, आज नको जाऊस." मी म्हटलं, "तासाभरात येते. तू आहेस ना तिच्यापाशी." प्रार्थना मला सांगायच्या होत्या, गीताचं पुस्तक माझ्याकडे होतं. ही कारणं खरी होती. पण ती नसती तरी मी गेले असते, हेही खरं आहे.

त्या रात्री मत्तयाच्या शुभवर्तमानातला गेथशेमनीचा उतारा वाचतात. येशू शिष्यांना विचारतो, घटकाभरही तुम्हाला माझ्याबरोबर जागं राहता आलं नाही का? मीच तो वाचला. मग रोजरी सुरू झाली, माळेचे मणी ओढत पाच रहस्यांत, म्हणजे पाच टप्प्यांत, म्हणायची प्रार्थना. चौथं रहस्य चाललं असताना बाजूच्या दारात आमच्या गल्लीतला मुलगा येऊन उभा राहिला. त्याने हाक मारली नाही, खूण केली नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. मला कळलं. तरी मी तिथेच होते. हातातले मणी संपेपर्यंत 'नमो मरिया' म्हणत राहिले, आवाज न कापता. का, ते आजही नेमकं सांगता येत नाही. उठले असते तर ते खरं ठरलं असतं, इतकंच आठवतं.

गुरुवारच्या मिस्सेतल्या ग्लोरिया या स्तुतिगीतानंतर ईस्टरच्या जागरणापर्यंत चर्चची घंटा वाजत नाही. म्हणून आईसाठी मरणाची घंटा वाजली नाही. गुड फ्रायडेला मिस्साही नसते. शुक्रवारी सकाळी नुसत्या प्रार्थना म्हणून तिला दफनभूमीत ठेवलं, मिस्सा ईस्टरनंतरच्या आठवड्यात झाली. ज्या बाईने आयुष्यात एक मिस्सा चुकवली नसेल तिच्यासाठी त्या दिवशी मिस्सा नव्हती. परत येताना भाऊ म्हणाला, "आईला घंटा नाही, मिस्सा नाही, आणि मुलगीही नाही." चर्चच्या नियमाला तो काही बोलला नाही. मला बोलला.

मी त्याला म्हटलं होतं, आराधना मला आईनेच शिकवली. ती मुंबईला फुलं विकायला जायची, परतताना पाटी चर्चच्या पायरीवर ठेवून आत बसायची. लहानपणी, 1964 साली, ती ओव्हल मैदानावर युखरिस्तिक काँग्रेसला, म्हणजे साक्रामेंताच्या मोठ्या मेळाव्याला, गेली होती. पोप सहावे पॉल आले होते, पण तिला पोप आठवायचे नाहीत. एवढी माणसं एकदम गुडघ्यांवर येऊन गप्प झाली, ते आठवायचं. ती शुद्धीत असती तर मला म्हणाली असती, जा. यावर भाऊ म्हणाला, "आईने बाजारातून परतण्याचा वेळ दिला. आजी आजारी होती तेव्हा ती घराबाहेर पडली नाही." हेही खरं होतं. मला ते आठवत होतं.

मुलं शाळेत होती त्या वयात मी बायकांना सांगायचे की देवाला तास दिला की बाकीचे तास पुरतात. मदर तेरेसांच्या सिस्टरांचं उदाहरण द्यायचे, 1973 पासून त्या रोज तासभर आराधना करतात आणि तरी त्यांचं काम अडत नाही. आता त्या माझ्याशी मी भांडते. अगं, एक सिस्टर चॅपलमध्ये असते तेव्हा मरणाऱ्याजवळ दुसरी बसलेली असते. त्यावर ती माझ्यातली जुनी बाई म्हणते, तुझ्या आईजवळही भाऊ बसला होता. मग मी गप्प होते. आई एकटी गेली नाही. माझ्याशिवाय गेली. या दोन गोष्टींमध्ये किती अंतर आहे ते मला अजून मोजता आलेलं नाही.

आणि तरी मी जाते. कोणी म्हणतं प्रायश्चित्त म्हणून जाते. नाही. पापनिवेदनात हे मी सांगितलं आहे, फादरांनी ते पाप मानलं नाही, मीही मानत नाही. मी जाते कारण तिथे येशू आहे असं मी मानते. प्रतीक म्हणून नव्हे, आठवण म्हणून नव्हे. तो तिथे नसेल तर मी त्या रात्री एका रिकाम्या पेटीपुढे बसले होते, आणि भावाचा शब्द न् शब्द बरोबर ठरतो. हे विश्वासाचं कारण होऊ शकत नाही, मला माहीत आहे. पण काही गुरुवारी माझ्याजवळ एवढंच असतं. काही गुरुवारी झोप येते. काही गुरुवारी खरंच शांत वाटतं, आणि मग भाऊ आठवतो.

तो चर्चला येतो, मिस्सेला येतो. आराधनेला येत नाही, आणि मी त्याला बोलवत नाही. पवित्र गुरुवारी मात्र वाडीतल्या सगळ्यांना ने-आण करायला तो आपला टेंपो काढतो. मी त्यात बसते.

तर बाळाच्या आई, तुझं उत्तर. तासच हवा असं कोणी ठरवलेलं नाही, पाच मिनिटं आत जाऊन गुडघे टेकलेस तरी ती भेटच आहे. बाळाला घेऊन ये. रडलं तर आवारात फेरी मार, पुन्हा आत ये, कोणी वळून पाहिलं तर मी आहे. पण घरी कोणी आजारी असेल त्या दिवशी यायचं की नाही, हे मला विचारू नकोस. ते मी तुला सांगणार नाही.