किनवटचे रिपोर्ट आणि वायरगार्ड : माझा अनुभव

नांदेडला आमची मुख्य पॅथॉलॉजी लॅब आहे आणि किनवट, भोकर, मुखेड व देगलूर येथे रक्ता-लघवीचे नमुने घेणारी कलेक्शन सेंटर आहेत. नमुने गाडीने नांदेडला येतात, तपासणी इथे होते आणि रिपोर्ट त्या त्या केंद्रावरून रुग्णाच्या हाती जातो. लॅबच्या संगणकांचे काम माझ्याकडे आहे. पूर्वी रिपोर्टची पीडीएफ केंद्राच्या मोबाइलवर व्हॉट्सॲपने पाठवली जात असे. व्हॉट्सॲपचा संदेश वाटेत कुणाला वाचता येत नाही हे खरे; पण पोहोचलेली फाइल त्या मोबाइलमध्ये पडून राहते आणि केंद्राचा मोबाइल दिवसभर चार जणांच्या हातांतून फिरतो. तालुक्याच्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. एखाद्या मुलीची गरोदरपणाची चाचणी किंवा एखाद्या कमावत्या माणसाची एचआयव्ही तपासणी गावभर व्हायला एक नजर पुरते, आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तर ही माहिती गोपनीय राखणे बंधनकारकच केले आहे. म्हणून केंद्रांनी रिपोर्ट थेट नांदेडच्या सर्व्हरवर पाहावा, तिथल्या तिथे छापावा आणि मध्ये कुठेही त्याची प्रत उरू नये, असे आम्ही ठरवले.

लॅबचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांनी सुचवलेला मार्ग झटपट होता : स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा कायमचा पत्ता) विकत घ्या, राउटरवर रिमोट डेस्कटॉपचे, म्हणजे दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचे, ३३८९ क्रमांकाचे पोर्ट (आत येण्याचे दार) उघडा आणि केंद्रांना पासवर्ड देऊन टाका. मी त्याला ठाम नकार दिला. हे पोर्ट इंटरनेटवर उघडे दिसले की जगभरातून यंत्रे त्यावर पासवर्ड लावून पाहू लागतात, आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या टोळ्या ज्या वाटांनी आत शिरतात त्यांतली ही एक नेहमीची वाट आहे. "मग रिपोर्ट जायचे कसे?" असे लॅबच्या मॅडमनी विचारले, तेव्हा मी त्यांना सांगितले की इंटरनेट आपले नसले तरी त्यावरून जाणारा मार्ग आपल्या चाव्यांनी बंद करता येतो, मात्र त्या चाव्या आपणच तयार करून आपणच सांभाळल्या पाहिजेत.

त्यासाठी वायरगार्ड निवडले. जेसन डोनेनफेल्ड यांनी तयार केलेला हा व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा कुलूपबंद खासगी मार्ग) मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याच्या, ५.६ या आवृत्तीपासून कर्नलचाच भाग झाला, त्यामुळे आजच्या कोणत्याही लिनक्स सर्व्हरवर तो जवळजवळ तयारच असतो. ओपनव्हीपीएन आणि आयपीसेक हेही भक्कम पर्याय आहेत, पण त्यांत कोणते सांकेतिकीकरण वापरायचे यापासून असंख्य निवडी कराव्या लागतात आणि प्रत्येक निवड ही कच्चा दुवा राहण्याची जागा असते. वायरगार्डमध्ये ही निवडच ठेवलेली नाही; चाव्यांसाठी कर्व्ह२५५१९ आणि मजकुरासाठी चाचा२०-पॉली१३०५ या सांकेतिकीकरणाच्या पद्धती ठरलेल्या आहेत. दुसरा गुण मला अधिक मोलाचा वाटतो. ओळखीच्या चावीने आलेले नसेल अशा पॅकेटला (डेटाच्या तुकड्याला) तो अजिबात उत्तर देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणी करणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ताच लागत नाही.

पहिली अडचण नांदेडलाच आली. आमच्या फायबर राउटरला मिळालेला पत्ता १०० ने सुरू होणारा होता. १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखलेले आहेत. शेकडो ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेले असतात आणि बाहेरून कुणालाही त्यांच्यापर्यंत आपणहून पोहोचता येत नाही. केंद्रांवर कुठे केबल, कुठे मोबाइल डेटा, तिथेही हीच स्थिती. दोन्ही टोके अशी आडोशाला असली की मध्ये सार्वजनिक पत्ता असलेले एक ठिकाण लागते. म्हणून मुंबईच्या डेटा सेंटरमधला एक छोटा सर्व्हर मासिक भाड्याने घेतला, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकले आणि त्याला हब, म्हणजे सगळ्यांना जोडणारे मधले ठिकाण, केले. नांदेडचा सर्व्हर आणि सगळी केंद्रे आपणहून या हबशी जोडली जातात, त्यामुळे आमच्या बाजूला एकही पोर्ट उघडावे लागले नाही. हबवर एसएसएचसाठी (दुरून सर्व्हर चालवण्याच्या सोयीसाठी) पासवर्ड पूर्ण बंद करून फक्त चावीने प्रवेश ठेवला. सर्व्हर सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, तोवर रूट, ॲडमिन अशा नावांनी आत शिरू पाहणाऱ्या अनोळखी पत्त्यांच्या नोंदी लॉगमध्ये दिसू लागल्या होत्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण बऱ्याच मार्गदर्शक लेखांत तिच्याकडे दुर्लक्ष होते. वायरगार्डचे कुलूप दोन शेजारच्या टोकांमधले असते. किनवटहून निघालेले पॅकेट हबवर उघडते आणि नांदेडसाठी पुन्हा बंद होते. म्हणजे रस्त्यातले मोबाइल नेटवर्क परके तसे भाड्याचे हबही परकेच. ते यंत्र ज्यांच्या मालकीचे आहे त्यांना, किंवा उद्या त्यात घुसलेल्या कुणालाही, त्या क्षणी मजकूर वाचता येऊ शकतो. यासाठी नांदेडच्या सर्व्हरवर एचटीटीपीएस (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामधले वेगळे कुलूप) लावले, त्याचे, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारे, प्रमाणपत्र आमचे आम्हीच तयार केले आणि त्याचे मूळ प्रमाणपत्र प्रत्येक केंद्राच्या संगणकात स्वतः जाऊन बसवले. आता हबवरून जाते ते आतूनही बंदच असते, आणि हब कुणाच्या ताब्यात गेले तरी पुढे लॅबच्या सॉफ्टवेअरचे लॉगिन ओलांडल्याशिवाय रिपोर्ट दिसत नाही.

प्रत्येक संगणकाला चाव्यांची जोडी असते : स्वतःजवळ लपवून ठेवायची खासगी आणि समोरच्याला द्यायची सार्वजनिक. चाव्यांच्या बाबतीत मी एकच नियम पाळला : खासगी चावी जिथे जन्मते तिथून ती हलत नाही. सगळ्या चाव्या नांदेडला बसून तयार करायच्या आणि पूर्ण सेटिंगची फाइल केंद्राला पाठवायची, हे सोयीचे आहे. पण मग तीच फाइल एखाद्याच्या मोबाइलमध्ये राहते आणि ज्या कारणासाठी हे सगळे आरंभले तेच पुन्हा घडते. विंडोजवरच्या वायरगार्डमध्ये रिकामा टनेल (व्हीपीएनचा बंद मार्ग) तयार करण्याची सोय आहे. ती वापरली की चाव्यांची जोडी त्याच संगणकात तयार होते आणि पडद्यावर ४४ अक्षरांची सार्वजनिक चावी दिसते. तेवढीच केंद्राने मला व्हॉट्सॲपवर पाठवली, ती उघडी असली तरी बिघडत नाही. मात्र ती वाटेत बदललेली नाही याची खात्री हवी, म्हणून फोनवर पहिली आणि शेवटची काही अक्षरे वाचून घेतली, आणि मगच ती हबवर नोंदवली. खासगी चावी विंडोजमध्ये सांकेतिक स्वरूपात साठवली जाते; केंद्रावरचे रोजचे काम साध्या युजर खात्यातून चालत असल्याने तिथे बसणाऱ्याला ती पाहता किंवा काढून नेता येत नाही.

पत्ते ठरवताना १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ या मालिका जाणीवपूर्वक टाळल्या, कारण बाजारातले बरेच राउटर त्याच मालिका वापरतात आणि दोन्हीकडे एकच मालिका आली की पॅकेट कुठे जायचे याचा गोंधळ होऊ शकतो. आम्ही १०.७७.० ही मालिका घेतली. नांदेडचा सर्व्हर १०.७७.०.२ आणि केंद्रे ११ पासून पुढे. केंद्राच्या सेटिंगमध्ये अलाउड आयपीज (कोणत्या पत्त्यांची पॅकेट टनेलमधून जायची) या ओळीत फक्त नांदेडच्या सर्व्हरचा पत्ता दिला. तिथे ०.०.०.०/० लिहिले तर संगणकाचे सगळेच इंटरनेट हबवरून फिरते, आणि आम्हाला त्याची गरज नव्हती. पण केंद्राच्या बाजूची ही मर्यादा म्हणजे सुरक्षा नव्हे, कारण ती ओळ त्या संगणकावर बदलता येते. खरा पहारा हबवर असतो. तिथे प्रत्येक चावीपुढे तिचा एकच पत्ता लिहिलेला आहे, दुसऱ्या पत्त्याच्या नावाने काही आले तर ते टाकून दिले जाते; आणि फायरवॉलमध्ये केंद्रांना फक्त १०.७७.०.२ च्या ४४३ या एचटीटीपीएसच्या पोर्टपर्यंतच वाट मोकळी आहे. भोकरच्या संगणकात व्हायरस शिरला तरी त्याला मुखेडचा संगणक दिसणार नाही.

प्रत्यक्ष जोडणीत फारसे सांगण्यासारखे काही नाही. प्रत्येक टोकावर दर २५ सेकंदांनी एक छोटे पॅकेट पाठवण्याची सूचना दिली, कारण मोबाइल नेटवर्क शांत राहिलेली वाट लवकरच विसरते. भोकर, मुखेड आणि देगलूर लगेच जोडले गेले. किनवट जोडले गेले, पण चालले नाही.

तिथल्या ताईंचा फोन आला, "दादा, पेशंटची यादी दिसायली, पण रिपोर्ट उघडंना." पिंग (संपर्क तपासणारे छोटे पॅकेट) नीट जात होते, लॉगिनचे पान येत होते, यादीही येत होती, मोठी पीडीएफ मागितली की पान गोल गोल फिरत राही. लहान गोष्टी जातात आणि मोठ्या अडकतात, हे लक्षण पॅकेटच्या आकाराकडे बोट दाखवते. वायरगार्ड टनेलमधले पॅकेट सहसा १४२० बाइटपर्यंत ठेवतो आणि त्यावर स्वतःचे वेष्टन चढवतो, जे आयपीव्ही४ वर ६० बाइटचे असते. खालच्या वाटेची मर्यादा त्याहून कमी असेल आणि तशी सूचना परत येत नसेल, तर मोठी पॅकेट निमूटपणे नाहीशी होतात. किनवटच्या आणि हबच्या सेटिंगमध्ये एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १२८० केला आणि रिपोर्ट उघडू लागले. वेगात जाणवण्यासारखा फरक पडला नाही, म्हणून पुढे सगळीकडे तोच आकडा ठेवला.

दुसरा बिघाड अधिक अवघड निघाला आणि त्याने मला वायरगार्डची आतली रचना शिकवली. पावसाळ्यात किनवटला लाईट जाऊन आली की कधी कधी टनेल उठतच नसे. हबवर पाहिले तर किनवटहून १४८ बाइटचे पॅकेट नियमित येत होते, म्हणजे ओळख पटवण्याची पहिली हाक पोहोचत होती. पण ९२ बाइटचे उत्तर परत जात नव्हते. चावी तीच, पत्ता तोच. हबवरचा वायरगार्ड बंद करून पुन्हा सुरू केला की टनेल लगेच उठे, त्यामुळे दोष हबचाच वाटू लागे. उलगडा झाला तो ब्राउझरमुळे. टनेल उठल्यावर ताईंनी लॅबचे पान उघडले तेव्हा संगणकाचे घड्याळ मागे असल्याची सूचना आली, आणि पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख कित्येक वर्षे जुनी होती. मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही बटणाएवढी बॅटरी संपली होती. लाईट गेली की तारीख पुसली जात होती.

याचा व्हीपीएनशी संबंध असा. पहिल्या हाकेत पाठवणाऱ्याची वेळ कोंबलेली असते, आणि समोरचा प्रत्येक चावीमागे सर्वांत अलीकडची वेळ लक्षात ठेवतो. त्याहून जुनी वेळ घेऊन आलेली हाक तो नाकारतो, जेणेकरून कुणी वाटेत टिपून ठेवलेले जुने पॅकेट पुन्हा पाठवून फसवू नये. ही आठवण फक्त चालू मेमरीत असते, म्हणून हबवर वायरगार्ड पुन्हा सुरू केला की ती पुसली जाई आणि जुन्या तारखेची हाकही चालून जाई. म्हणजे जे बिघाड वाटत होते तो खरे तर पहारा होता, आणि तो चोख चालला होता. नवी बॅटरी काही रुपयांत मिळाली. फरक फार मोठा असेल तर विंडोज आपणहून घड्याळ दुरुस्त करत नाही, म्हणून सकाळी संगणक लावल्यावर आधी तारीख पाहायची, ही सूचना मी सर्व केंद्रांना लेखी दिली आणि बाकीच्या जुन्या संगणकांच्या बॅटऱ्याही बदलून घेतल्या.

या व्यवस्थेचा मला सर्वांत मोठा उपयोग वाटतो तो लाइन तुटते तेव्हा. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली की केंद्र मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जाते. पत्ता बदलतो, पण चावी बदलत नाही, आणि खऱ्या चावीने आलेले पहिलेच पॅकेट पाहून हब नवा पत्ता आपोआप धरतो. कुणाला काही पुन्हा जोडावे लागत नाही.

व्हीपीएन वापरणे बेकायदा तर नाही ना, असे मला एका केंद्रचालकांनी विचारले होते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांमुळे हा समज पसरला. ग्राहकांची माहिती ५ वर्षे जपून ठेवण्याची त्यातली अट व्हीपीएन सेवा लोकांना विकणाऱ्यांसाठी आहे. स्वतःच्या संस्थेच्या अंतर्गत व्हीपीएनला ती लागू नाही, असे शासनानेच नंतरच्या प्रश्नोत्तरांत स्पष्ट केले आहे.

आता माझ्याकडे एक वही आहे. तिच्यात प्रत्येक सार्वजनिक चावी, ती कोणत्या संगणकाची, कुणाच्या ताब्यात आणि कधी नोंदवली हे लिहिलेले असते. मध्यंतरी एका केंद्राचा संगणक दुरुस्तीला दुकानात द्यावा लागला, तेव्हा तो केंद्राबाहेर पडण्याआधीच मी त्याची चावी हबवरून काढून टाकली, आणि परत आल्यावर त्याच संगणकात नवी जोडी तयार करून तीच नोंदवली. जुन्या ओळीवर वहीत आडवी रेघ मारून तारीख टाकली आहे.