तुम्ही विचारलंत म्हणून : आमची पेढी 'कॅश काऊ' आहे का?

सांगलीच्या मार्केट यार्डातील काही पेढ्यांचे हिशेब मी पाहतो. अलीकडे पुण्याहून एमबीए करून परतलेली मुले वडिलांचा ताळेबंद माझ्यापुढे ठेवतात आणि विचारतात, "काका, हा आपला कॅश काऊच म्हणायचा ना?" बहुतेकांना मी नाही म्हणतो.

हा शब्द आज ज्या अर्थाने चालतो, तो बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपचे संस्थापक ब्रूस हेंडरसन यांनी १९७० साली केलेल्या मांडणीतून आला. बाजारपेठ किती वेगाने वाढते आहे आणि सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याच्या तुलनेत आपला वाटा किती आहे, या दोन कसोट्या त्यांनी लावल्या. वाटा मोठा पण बाजाराची वाढ मंद, असा धंदा म्हणजे कॅश काऊ. मोठ्या उलाढालीमुळे दर नगामागचा खर्च उतरलेला असतो, नव्या विस्ताराला पैसा लागत नाही, आणि म्हणून टिकून राहण्यासाठी लागते त्याहून अधिक रोकड दरवर्षी हाती उरते. नफा दिसणे वेगळे आणि रोकड उरणे वेगळे.

हळदीची अडत पाहा. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, वेळेत चुकती करावी लागते, खरेदीदाराचे पैसे मात्र सवडीने येतात. त्यामुळे उलाढाल वाढली की उधारीत अडकणारी रक्कमही वाढते, आणि ताळेबंदात भरघोस नफा दिसत असूनही दिवाळीच्या पगारासाठी बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटची उचल, वापरावी लागते. शिवाय यार्डात आपण पहिले असलो तरी हळदीचा बाजार निजामाबाद आणि इरोडलाही भरतो. वाटा मोजताना ते विसरून चालत नाही. बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजला भाडे नियमित मिळते, पण कॉम्प्रेसरची दुरुस्ती पुढच्या हंगामावर ढकलून जी रोकड उरते, तिला शिल्लक म्हणायला मी तयार नाही. तो घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी बाजूला ठेवायचा पैसा, खाल्लेला असतो.

या व्याख्येच्या जवळ जाणारे इथले उदाहरण म्हणजे हरिपूरची पेवे. जमिनीत खणलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षे चांगली राहत असे, विजेचा खर्च नव्हता आणि देखभालही बेताची होती. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीचशी निकामी झाली. पेवाच्या भाड्याचा पैसा तोवर दुसरीकडे लावलेला नसेल, तर पेवाबरोबर उत्पन्नही गेले.

हेंडरसन यांच्या मांडणीत खरा प्रश्न तोच आहे : उरलेली रोकड जाते कुठे? आयटीसीने सिगारेटमधून येणाऱ्या पैशाच्या बळावर १९७५ मध्ये हॉटेल व्यवसायात पाऊल टाकले, २००२ मध्ये आशीर्वाद आटा आणला, आणि सिगारेट वगळता इतर ग्राहकोपयोगी वस्तूंचा विभाग कित्येक वर्षे तोट्यात असूनही तगवून धरला. आपल्याकडे हीच रोकड पुष्कळदा बंगल्यात आणि लग्नात जाते. त्याला माझी हरकत नाही, पण मग धंद्याला इंग्रजी बिरुद लावण्याचे प्रयोजन उरत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी हा प्रश्न घेऊन येताना गेल्या तीन वर्षांचे रोख प्रवाहपत्रक, येणे बाकीची यादी आणि यंत्रांवर प्रत्यक्ष झालेला खर्च एवढे सोबत आणावे. नफा-तोटा पत्रक आपण नंतर उघडू.